बंदिस्त माकडांचे आनुवंशिक नेत्रविकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माकडांना डोळ्यांचे आनुवंशिक आजार होतात, असं सांगितलं की पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा हसण्याची असते. "त्यांना कोण चष्मा लावणार?" मग हळूहळू खरे प्रश्न येतात. ते इथे आहेत. काहींची उत्तरं एका ओळीत संपतात, काहींना पान लागतं.

बंदिस्त माकडं म्हणजे नेमकी कुठली?

संशोधन केंद्रांत पिढ्यान् पिढ्या पाळलेली. यात मुख्यतः तीन जाती येतात. पहिली ऱ्हीसस, म्हणजे उत्तर भारतातलं लाल तोंडाचं माकड. दुसरी आग्नेय आशियातली लांब शेपटीची, खेकडेखाऊ म्हणून ओळखली जाणारी सिनोमोल्गस. तिसरी बर्फात गरम झऱ्यात बसलेली ज्यांची छायाचित्रं आपण पाहतो ती जपानी माकडं. तिन्ही मॅकाक कुळातली. आपल्याकडचं बॉनेट माकड याच कुळातलं. वानर मात्र वेगळ्या घराण्यातलं. काळ्या तोंडाच्या वानराला माकड म्हटलं की गावाकडची माणसं लगेच दुरुस्त करतात आणि ते बरोबर करतात.

प्राणिसंग्रहालयातली माकडं या पानावर फारशी येणार नाहीत. तिथे एका जातीची चार-सहा माकडं असतात आणि तेवढ्यावरून आनुवंशिकतेबद्दल काही ठाम बोलता येत नाही.

हे आजार संशोधकांनी माकडांना मुद्दाम दिले का?

या पानावरचे बहुतेक नाहीत. ते माकडांच्या रक्तात आधीपासूनच होते. जनुकात मुद्दाम बदल करून जन्माला घातलेली माकडंही आज आहेत. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये बहिरेपण आणि अंधत्व एकत्र आणणाऱ्या अशर सिंड्रोमसाठी असं काम झालं आहे. पण तो वेगळा विषय. इथे बोलायचं आहे ते निसर्गतः झालेल्या आणि कुणीतरी नीट पाहिलं म्हणून सापडलेल्या बिघाडांबद्दल.

माकडाला कमी दिसतंय हे कळतं कसं? ते काही बोलत नाही.

बोलत नाही, उलट लपवतं. कळपात कमजोरी उघडी पडली की वरची जागा जाते, खाणं जातं, मार बसतो. त्यामुळे अधू नजरेचं माकड शेजाऱ्याच्या मागोमाग चालतं, ओळखीच्या फांदीवरच उडी मारतं, आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पिंजऱ्याची मांडणी बदलली की मात्र चाचपडतं. उन्हात डोळे बारीक करणं, बुबुळं सतत थरथरणं, हातातल्या दाण्याला दोनदा चुकणं अशा खुणा रोज त्यांना खाणं घालणाऱ्या माणसाला आधी दिसतात, डॉक्टरला नंतर.

पक्की तपासणी भूल देऊनच होते. डोळ्याच्या पडद्याचं छायाचित्र घेतात. मग ओसीटी, म्हणजे प्रकाशाने घेतलेला पडद्याचा उभा छेद, ज्यात एकेक थर मोजता येतो. आणि तिसरी, माझ्या मते सगळ्यांत बोलकी तपासणी ईआरजीची. डोळ्यावर प्रकाशाचा झोत टाकायचा आणि पडद्यातून उठणारा विजेचा बारीकसा तरंग टिपायचा. हिची गंमत अशी की माकडाने काही सांगायची गरजच नाही, त्याचा पडदाच उत्तर देतो. अंधारात बराच वेळ ठेवून मंद झोत टाकला की दंडपेशी बोलतात, कारण रात्रीची नजर त्यांच्याकडे असते. उजेडात, सेकंदाला ३० वेळा लुकलुकणारा दिवा दाखवला की फक्त शंकूपेशी बोलतात, दिवसाची नजर आणि रंग सांभाळणाऱ्या. दंडपेशींना तेवढा वेग झेपत नाही. दोन्ही तरंग शेजारी ठेवले की कोणती फळी कोसळली आहे ते समोर दिसतं.

कॅलिफोर्नियातल्या माकडांची गोष्ट काय आहे?

डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या आवारात कॅलिफोर्नियाचं राष्ट्रीय प्रायमेट केंद्र, म्हणजे माकडवर्गीय प्राण्यांचं संशोधन केंद्र आहे. ऱ्हीसस माकडांचे कळप तिथे अर्ध्या अर्ध्या एकराच्या मोकळ्या आवारांत राहतात. तिथल्या चार माकडांच्या डोळ्यांत एक विचित्र चित्र दिसलं. ईआरजीत दंडपेशींचा तरंग ठीक, शंकूपेशींचा गायब. पडद्याच्या मधोमध, जिथून आपण वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो, तिथला थर झिजलेला.

माणसांत या चित्राला नाव आहे, अ‍ॅक्रोमॅटॉप्सिया. साधारण ३०,००० माणसांत एकाला होतो. अशा माणसाला रंग दिसत नाहीत, पण तो त्यातल्या त्यात छोटा त्रास. मोठा त्रास उजेडाचा. दुपारी बाहेर पडलं की सगळं पांढरंफटक, डोळे उघडतच नाहीत. संध्याकाळ झाली की जिवात जीव येतो. रातांधळेपणाच्या बरोबर उलट. मराठीत घुबडाला दिवाभीत म्हणतात. या आजाराला त्याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. आणि ही माकडं राहत होती कॅलिफोर्नियाच्या लख्ख उन्हात.

चारही माकडं एकमेकांच्या नात्यातली निघाली. तिथून पुढचं काम सोपं झालं असं म्हणवत नाही, पण दिशा मिळाली. त्यांच्या डीएनएचं वाचन झालं आणि पीडीई६सी या जनुकात बिघाड सापडला. नेत्रतज्ज्ञ आला मोशिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली हे प्रसिद्ध केलं. माणसाच्या अ‍ॅक्रोमॅटॉप्सियामागे आतापर्यंत सहा जनुकं सापडली आहेत आणि पीडीई६सी त्यांतलंच एक. म्हणजे आजार तोच, जनुक तेच, फक्त रुग्ण माकड.

एका जनुकातल्या एका बदलाने एवढं होतं?

बदल एका अक्षराचा आहे. जनुकाच्या मजकुरात जी या अक्षराच्या जागी ए आला. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतल्या ५६५व्या जागेवर आर्जिनिन या अमिनो आम्लाऐवजी ग्लुटामिन हे दुसरं बसलं.

हे प्रथिन करतं काय, ते पाहिलं की घोटाळा कळतो. शंकूपेशी अंधारात चालू असते आणि प्रकाश पडला की बंद होते. ऐकायला उलटं वाटेल, पण तसंच आहे. अंधारात पेशीत सीजीएमपी नावाचा रेणू भरलेला असतो आणि तो पेशीच्या भिंतीतली दारं उघडी धरून ठेवतो. प्रकाश आला की पीडीई६ हा विकर सीजीएमपीचे तुकडे करतो, दारं मिटतात, आणि हे मिटणं म्हणजेच मेंदूकडे जाणारी "उजेड आला" ही वर्दी. पीडीई६सी शंकूपेशींच्या विकराचा मुख्य भाग बनवतं. तो नीट चालला नाही तर सीजीएमपी साठत जातो, दारं उघडीच राहतात, उजेड कितीही पडला तरी वर्दी जात नाही. शिवाय उघड्या दारांतून कॅल्शियम आत येत राहतं आणि पेशी हळूहळू खंगते.

दंडपेशी सुटतात, कारण त्यांच्या विकराची जनुकं निराळी आहेत, पीडीई६ए आणि पीडीई६बी. ती बिघडली तर आजारही निराळा: रेटिनायटिस पिगमेंटोसा, ज्यात आधी रातांधळेपणा येतो आणि मग पडदा झिजत जातो.

आई-बाप धडधाकट, मग पिल्लू अधू कसं? "खाण तशी माती" म्हणतात ना?

म्हण इथे फसते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. पीडीई६सीची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. असं माकड स्वतः ठणठणीत असतं, पण बिघाड पुढे देऊ शकतं. त्याला वाहक म्हणायचं. दोन वाहकांची जोडी जमली तर प्रत्येक पिल्लाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के, एक मिळण्याची ५० टक्के, एकही न मिळण्याची २५ टक्के. अशा जोडीचं पिल्लू निरोगी निघालं, तरी ते वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. ही शेवटची संख्या नेहमी विसरली जाते. चारातलं आजारी पिल्लू बाजूला काढलं की उरतात तीन, त्यांतली दोन वाहक.

एक सावधगिरी. "चारात एक" याचा अर्थ तीन निरोगी झाली की चौथं अधू होणारच, असा नाही. प्रत्येक गर्भासाठी नाणी नव्याने उडतात. ऱ्हीसस मादीला साडेपाच महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर बहुधा एकच पिल्लू होतं, फार तर वर्षाला एक. त्यामुळे छोट्या कुटुंबात आजार दोन पिढ्या दिसलाच नाही, असंही होतं.

बंदिवासामुळे हे आजार वाढतात का?

वाढतात आणि दिसूही लागतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत करूनच यावर सगळे वाद होतात.

आधी वाढण्याबद्दल. आवारात एक-दोन दांडगे नर आणि पुष्कळ माद्या, ही नेहमीची मांडणी. नर वाहक असला तर त्याच्या साधारण निम्म्या मुली वाहक. मुली तीन-चार वर्षांत वयात येतात. तोवर बाप त्याच आवारात राहिला तर बाप-लेकीची जोडी जमू शकते, आणि अशा जोडीचं पिल्लू अधू निघण्याची शक्यता आठात एक. म्हणून शहाणी केंद्रं नर फिरवत ठेवतात आणि प्रत्येक पिल्लाच्या बापाची डीएनए तपासणी करतात. आई कोण ते डोळ्यांना दिसतं. बाप कोण याबद्दल मात्र माकडांच्या कळपात आवाराच्या नोंदवहीवर विसंबू नये. दांडग्या नराच्या नावावर लिहिलेलं पिल्लू कधीकधी कोपऱ्यातल्या कुणा साध्याचंच निघतं.

आता आकड्यात पाहू. समजा एखाद्या जनुकाच्या शंभर प्रतींत एक बिघडलेली आहे. जोड्या कशाही, नात्याबाहेर जमल्या तर दहा हजारांत एक पिल्लू अधू. सावत्र भावंडांची जोडी जमली तर तेच प्रमाण साधारण साडेसातशेत एक. बिघाड तेवढाच, फक्त नातं जवळचं, आणि आजार तेरापट.

आणि दिसण्याबद्दल. रानात उन्हात आंधळं होणारं पिल्लू वर्षभरही टिकणार नाही. बिबट्या, कळपातली भांडणं, पडणं. ते मेलं तर कारण कुणी लिहून ठेवणार नाही. बंदिवासात खाणं हातात मिळतं, वैद्य असतो आणि आजी-पणजीपर्यंतची वंशावळ कागदावर असते. डेव्हिसची चार माकडं एकाच कुळातली आहेत, हे कळलं ते त्या कागदांमुळे. या विषयातलं सगळ्यांत मोलाचं उपकरण कोणतं असं कुणी विचारलं तर मी डीएनए वाचणारं यंत्र सांगणार नाही, वंशावळीची नोंद सांगेन. यंत्र भाड्यानेही मिळतं.

पण नात्यातल्या जोड्या फक्त पिंजऱ्यातच जमतात का?

मुळीच नाही. बार्सिलोनाच्या प्राणिसंग्रहालयातला पांढरा गोरिला आठवा, कोपितो दे निएवे, म्हणजे हिमकण. तो माकड नव्हे, कपी, म्हणजे शेपूट नसलेल्या घराण्यातला. पण उदाहरण सोडवत नाही. १९६६ साली आजच्या इक्वेटोरियल गिनीच्या जंगलात तो पिल्लू असताना पकडला गेला आणि २००३ साली त्वचेच्या कर्करोगाने गेला. डोळे फिके, उजेड सोसत नसे. २०१३ साली त्याच्या जनुकसंचाचं वाचन प्रसिद्ध झालं, तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, कातडी-डोळ्यांच्या रंगाशी संबंधित एसएलसी४५ए२ या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या. दोन, त्याच्या जनुकसंचाचा सुमारे १२ टक्के भाग दोन्हींकडून तंतोतंत सारखा होता, म्हणजे आई-बाप बहुधा काका-पुतणी किंवा मामा-भाचीएवढ्या जवळच्या नात्यातले. आणि हे रानात झालं होतं. प्राणिसंग्रहालयात त्याला बरीच पिल्लं झाली. पांढरं एकही नाही.

ओरेगनमध्ये काय सापडलं?

दोन आजार, आणि दोन्हींत डोळा ही फक्त सुरुवात.

पहिला जपानी माकडांत. ओरेगनच्या प्रायमेट केंद्रातला जपानी माकडांचा कळप १९६५ साली जपानमधून आणलेला. त्यानंतर त्यांचा संसार आपसातच. या कळपातल्या सहा माकडांना कमी दिसू लागलं, हात थरथरू लागले, तोल जाऊ लागला. मेंदूच्या तपासणीत लहान मेंदू आक्रसलेला. कारण निघालं एमएफएसडी८ या जनुकातलं एक गाळलेलं अक्षर. माणसांत याच जनुकाच्या बिघाडाने सीएलएन७ प्रकारचा बॅटन आजार होतो. लहान मुलांचा आजार, क्रूर. मूल चालायला-बोलायला शिकलेलं असतं आणि मग एकेक गोष्ट गळत जाते. नजर, चालणं, बोलणं. काही घरांत पहिली शंका डोळ्यांच्या डॉक्टरकडे येते, म्हणूनच हा आजार या पानावर आहे. ओरेगनच्या गटाने २०१८ साली ही माहिती मांडली.

एक अक्षर बदलणं आणि एक अक्षर गळणं यांत फरक असतो. जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांच्या शब्दांची. बदललं तर एक शब्द चुकतो. गळलं तर तिथून पुढचा प्रत्येक शब्द सरकतो आणि वाक्याचा अर्थच जातो.

दुसरा आजार ऱ्हीससमधला, बार्डे-बीडल सिंड्रोम. इथेही बीबीएस७ जनुकातलं एक अक्षर गळालेलं. एकमेकांच्या नात्यातल्या तीन माकडांत डोळ्याचा पडदा झिजलेला, मूत्रपिंडं बिघडलेली, जननेंद्रियांची वाढ अपुरी. डोळा आणि मूत्रपिंड यांचा संबंध काय? दोन्हीकडच्या पेशींना सिलिया नावाचा बारीक तंतू असतो आणि बीबीएसची प्रथिनं त्या तंतूतल्या मालवाहतुकीत काम करतात. प्रकाश टिपणारा पेशीचा भाग हा मुळात असा एक फुगलेला सिलियाच. वाहतूक कोलमडली की दोन्हीकडे माल पोचत नाही.

सगळे आजार असे छुपे, दोन प्रती लागणारेच असतात का?

नाही. जपानमधल्या त्सुकुबाच्या प्रायमेट केंद्रात सिनोमोल्गस माकडांचं एक कुटुंब आहे, ज्यात मॅक्युलावर, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागावर, पिवळट ठिपके, ड्रुसेन, लहान वयातच पडतात. साधारण दोन वर्षांच्या माकडाला, जे अजून पोरसवदा असतं, म्हातारपणीचा आजार. तिथे आजार पिढीमागून पिढी उतरतो, मधली पिढी वगळत नाही. एक बिघडलेली प्रत पुरते. याला प्रभावी पद्धत म्हणतात.

म्हातारपणी माणसाला होणारा मॅक्युलाचा ऱ्हास मात्र एका जनुकाचा खेळ नव्हे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऱ्हीसस माकडांच्या ड्रुसेनचा संबंध एआरएमएस२ आणि एचटीआरए१ या जनुकांच्या भागाशी लागला. माणसांतही संशयाची सुई त्याच भागाकडे आहे. माणूस आणि ऱ्हीसस यांच्या वाटा अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. डीएनए अजून सुमारे ९३ टक्के जुळतो. म्हातारपणाच्या तक्रारीही सारख्याच निघाव्यात, याचं मला तरी थोडं हसू आलं.

या सगळ्याचा भारताशी काही संबंध?

आहे, आणि थेट आहे. अमेरिकेतल्या केंद्रांत सर्वाधिक वापरली जाणारी ऱ्हीसस माकडं "भारतीय वंशाची" म्हणून नोंदलेली असतात. १९३८ साली मानववंश आणि प्राणिवर्तनाचे अभ्यासक क्लॅरेन्स रे कार्पेंटर यांनी भारतातून माकडं जहाजाने नेली आणि पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो या छोट्या बेटावर ४०९ माकडं सोडली. आज त्या बेटावर जे कळप आहेत, ते त्यांचेच वंशज. पिंजरा नाही, पण समुद्राचं कुंपण आहे, आणि नवं रक्त येत नाही. तिथल्या माकडांच्या मातृकुळांची नोंद दशकानुदशकं ठेवलेली आहे. म्हणूनच ड्रुसेन आणि काचबिंदू काही विशिष्ट कुळांत जास्त दिसतात, हे तिथे लक्षात आलं.

पुढे १९५०च्या दशकात पोलिओच्या लशीसाठी भारतातून वर्षाला लाखाच्या घरात माकडं परदेशी गेली. १९७८ साली, मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, निर्यात पूर्ण बंद झाली. बंदीचं समर्थन नैतिक होतं आणि मला ते पटतं. पण तिचा एक परिणाम आनुवंशिक होता: तेव्हापासून तिकडचे भारतीय वंशाचे कळप जवळपास मिटलेली पेटी झाले. पेटीत जे बिघाड आधी गेले होते, ते तिथेच फिरत राहिले.

उंदीर आहेत, कुत्रे आहेत. माकडंच कशाला?

बहुतेक कामांसाठी उंदीर-कुत्रे पुरतात आणि पुरावेतच. आनुवंशिक अंधत्वावरच्या ज्या जनुकोपचाराला, म्हणजे जनुकाची चांगली प्रत डोळ्यात सोडणाऱ्या उपचाराला, अमेरिकेत डिसेंबर २०१७मध्ये मान्यता मिळाली, त्याची मोठी पायरी ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांनी चढून दिली. त्यांच्यात आरपीई६५ जनुकाचा बिघाड निसर्गतः होता.

अडचण मॅक्युलाची आहे. पडद्याच्या मध्यावर शंकूपेशींची दाटी असलेला खळगा, फोविया, सस्तन प्राण्यांत जवळपास फक्त माणूस, कपी आणि माकडांच्या घराण्यात असतो. उंदराला तो नाही. त्यामुळे मॅक्युलाचा आजार उंदरात अभ्यासणं म्हणजे विहिरीत पोहून समुद्राबद्दल बोलणं. शस्त्रक्रियेचंही तसंच. औषध पडद्याखाली सोडायचं तर पडदा क्षणभर उचलावा लागतो, आणि फोविया उचलला की काय होतं, हे फोविया असलेल्या डोळ्यातच कळतं.

मग उपचार निघाले का?

अ‍ॅक्रोमॅटॉप्सियासाठी अजून मान्यताप्राप्त औषध नाही. सीएनजीए३ आणि सीएनजीबी३ या दोन जनुकांसाठी माणसांवर जनुकोपचाराच्या चाचण्या झाल्या आहेत. रुग्णांपैकी बहुसंख्यांत बिघाड याच दोहोंत असतो. फरक पडला, पण माफक. एक कारण मेंदूकडे आहे. ज्या मेंदूने जन्मात शंकूपेशींची वर्दी ऐकलेली नाही, तो मोठेपणी ती समजून घेईल का, हा प्रश्न आहे.

रंगांधळ्या माकडांना रंग दाखवले, ते प्रकरण काय होतं?

ते दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल माकडांचं. त्यांच्यातले सगळे नर जन्मजात लाल-हिरव्यात फरक न कळणारे. हा आजार नव्हे, त्या जातीची रीतच आहे: हिरव्या-तांबड्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर एकाच जागी असतं, नराकडे एक्स एकच. मादीकडे दोन एक्स, त्यावर दोन वेगवेगळ्या प्रती आल्या तर तिला तिसरा रंग दिसतो. बहिणीला डाळिंब दिसतं, भावाला नुसतं फळ.

जे आणि मॉरीन नाइट्झ या दांपत्याच्या गटाने डाल्टन आणि सॅम या दोन प्रौढ नरांच्या पडद्याखाली विषाणूच्या कवचात घालून माणसाचं तांबड्याचं जनुक सोडलं. मग संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांचं चित्र, त्यात रंगीत आकृती. तिला बरोबर हात लावला की रस मिळायचा. सुमारे २० आठवड्यांनी दोघंही पूर्वी न दिसणारे रंग ओळखू लागले, आणि ते दोन वर्षांहून अधिक काळ टिकलं. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. अर्थात तिथे शंकूपेशी जिवंत आणि चालू होत्या, मेंदूला नवा रंग शिकायचा होता, नजर नव्हे. अ‍ॅक्रोमॅटॉप्सियाशी याची सरळ तुलना करू नये. वर्तमानपत्रांनी केली होती.

वाहक सापडलेल्या माकडांचं काय करतात?

दोन मतं आहेत. एक म्हणतं, वाहकांना प्रजननातून बाजूला करा, कळप स्वच्छ ठेवा. दुसरं म्हणतं, सगळे वाहक काढत गेलात तर दुसरी कितीतरी चांगली विविधता त्यांच्याबरोबर जाईल. फक्त वाहक-वाहक जोडी टाळा. कळपाच्या आरोग्यापुरतं दुसरं मत बरोबर आहे, कारण प्रत्येक माकड कुठल्या ना कुठल्या बिघाडाचं वाहक असतंच, तुमच्या-माझ्यासारखं.

तिसरा प्रकारही आहे: उपचार शोधण्यासाठी वाहकांच्या जोड्या मुद्दाम जमवणं. इथे मात्र मी अडखळतो. सापडलेल्या अधू माकडाला सांभाळणं एक आणि अधू पिल्लं जन्माला यावीत म्हणून जोडी लावणं दुसरं. अ‍ॅक्रोमॅटॉप्सियात माकड दुखण्याविना, सावलीत बरं आयुष्य काढू शकतं. बॅटनच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. दोन्हींना एकच नियम लावू नये, असं माझं मत.

माथेरानला एका माकडाचा डोळा पांढरा दिसला. आनुवंशिक असेल का?

एकच डोळा असेल तर जवळपास नक्कीच नाही. मार, काटा, भांडणातलं नख, जुना जंतुसंसर्ग. आनुवंशिक पडद्याचे आजार बहुधा दोन्ही डोळ्यांत असतात आणि बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो. पांढरी दिसते ती बुबुळावरची खूण किंवा मोतीबिंदू. जवळ जाऊ नका, खाऊ देऊ नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात. हे सगळं वाचून धास्ती वाटते.

प्रश्न रास्त आहे. आते-मामे भावंडांच्या अपत्यात जनुकसंचाचा सरासरी १६वा भाग दोन्हींकडून सारखा येतो. वरच्या सावत्र भावंडांच्या उदाहरणात तो आठवा होता, म्हणजे इथे निम्मा. अशा लग्नांतली बहुसंख्य मुलं निरोगीच जन्मतात. पण घराण्यात कुणाला लहानपणापासून रातांधळेपणा असेल, कुणाला दुपारच्या उन्हात डोळे उघडता येत नसतील, किंवा कुणाची नजर विशीत गेली असेल, तर लग्नाआधी आनुवंशिकतेच्या सल्लागाराला भेटावं. जाताना अहवालांच्या जोडीला घरातल्या आजीलाही घेऊन जा. कोण कुणाचं कोण, कुणाचं मूल लहानपणी गेलं, कोण संध्याकाळशिवाय अंगणात येत नसे, हे तिलाच माहीत असतं.

लहान मुलात कोणती खूण पाहून डॉक्टरकडे जावं?

पहिल्या काही महिन्यांत डोळे सतत थरथरणं आणि उजेडात घट्ट मिटून घेणं. बाळ खोलीत अंधार केला की डोळे मोठे करून बघतं आणि गच्चीवर नेलं की खांद्यात तोंड खुपसतं, हे आईच्या लक्षात आलेलं असतं. ते डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. ईआरजी बाळांचाही करता येतो. जनुक चाचणीला बाळाबरोबर आई-बाप दोघांचंही रक्त द्या, कारण कोणती प्रत कुणाकडून आली हे त्याशिवाय ठरत नाही. निदान होईपर्यंत काचा गडद, लालसर असलेला चष्मा आणि रुंद कडेची टोपी यांनी बाळाला दिवसा बराच आराम पडतो. शाळेत गेल्यावर बाकही खिडकीपासून लांबचा मागून घ्या.